बेचाळीस तटस्थ

बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. भारताची संसद शिकवायला दहा तास घेत असे, इंग्लंडच्या पार्लमेंटला दोन, अमेरिकेच्या काँग्रेसला एक, आणि चीनच्या वाट्याला एकच वाक्य येई : "तिथली संसद म्हणजे रबरी शिक्का." वाक्य खोटे नव्हते. मुले ते वहीत उतरवून घेत आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. काही वर्षे नोकरीनिमित्त शांघायला राहून आलेला. चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "बाई, तुम्ही शिकवलं होतंत की चीनची संसद मार्चमध्ये भरते आणि माना डोलावून घरी जाते. पण यंदा सप्टेंबरात अख्ख्या देशाचं निवृत्तीचं वय बदललं. तेव्हा तर संसद भरलेलीच नव्हती. मग हे केलं कुणी?"

मी म्हटले, "त्यांची स्थायी समिती असते." तो हसला. "आपल्या महापालिकेत असते तशी?"

त्याने थट्टेत विचारले खरे, पण प्रश्न अगदी बरोबर होता. आणि त्याचे नीट उत्तर मला देता येईना. बत्तीस वर्षे एका वाक्यावर भागवल्याचा तो दंड! मग सवयीप्रमाणे वही काढली आणि वाचायला बसले. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहीत आहे. शेवटी एक गोष्ट माझ्या स्वतःबद्दलही लिहावी लागणार आहे. ती टाळता आली असती तर बरे झाले असते.

आपल्याकडे स्थायी समिती म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर टेंडरे येतात. महापालिकेची सर्वसाधारण सभा मोठी, भांडकुदळ, माईक ओढणारी; पण तिजोरीची किल्ली स्थायी समितीच्या सोळा जणांकडे. संसदेतही स्थायी समित्या आहेत, निरनिराळ्या खात्यांशी जोडलेल्या, पण त्या फक्त अहवाल देतात. कायदा करण्याचा अधिकार त्यांना नाही. मग संसद भरलेली नसताना तातडीची गरज पडली तर? त्यासाठी आपल्या घटनेत १२३ वे कलम आहे. राष्ट्रपती अध्यादेश काढतात आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर आपोआप मरतो. (हा सहा आठवड्यांचा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालत असे आणि निम्मी मुले दर वर्षी "सहा महिने" लिहीत.) म्हणजे दोन अधिवेशनांमधल्या काळात आपण कायद्याचे काम सरकारच्या हाती देतो, पण उसने म्हणून.

चीनने वेगळी वाट धरली. तिथे हे काम सरकारकडे न देता संसदेच्याच एका लहान तुकड्याकडे दिले आहे, आणि उसने नव्हे, कायमचे. ही मूळ कल्पना रशियाकडून आलेली. १९३६ च्या सोव्हिएत घटनेत सर्वोच्च सोव्हिएत ही मोठी सभा वर्षातून थोडे दिवस भरे आणि बाकी काळ तिचे 'प्रिसिडियम' नावाचे मंडळ हुकूम काढत असे. क्रिमिया रशियाकडून काढून युक्रेनला दिला तो १९ फेब्रुवारी १९५४ रोजी, या प्रिसिडियमच्या एका हुकमाने. मोठ्या सभेने त्यावर मोहोर उठवली एप्रिलच्या अखेरीस. त्या कागदाची किंमत जग अजून मोजते आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९५४ मध्ये, चीनची नॅशनल पीपल्स काँग्रेस पहिल्यांदा भरली आणि तिने देशाची घटना मंजूर केली. या सभेत आज जवळजवळ तीन हजार प्रतिनिधी आहेत. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, तिआनआनमेन चौकालगतच्या त्या अवाढव्य सभागृहात त्या भरतात. पूर्वी दहा-पंधरा दिवस चाले, २०२० पासून आठवड्याभरात आटोपते. तीन हजार माणसांनी एका आठवड्यात काय चर्चा करायची? आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची बैठक वीस शिक्षकांत तीन तास चालत असे! म्हणूनच स्थायी समिती. सध्या तिचे सदस्य सुमारे पावणेदोनशे आहेत.

पहिल्या घटनेत मात्र या समितीला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. कायदा फक्त मोठ्या सभेने करायचा. समितीने कायद्यांचा अर्थ लावायचा, फर्माने काढायची, नेमणुका करायच्या. एका वर्षातच हे अडचणीचे झाले आणि १९५५ मध्ये मोठ्या सभेने तिला काही स्वतंत्र नियम करण्याची मुभा दिली. समितीचे पहिले अध्यक्ष होते ल्यू शाओची. १९५९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्थायी समितीने सुधारलेल्या युद्धकैद्यांना माफी देण्याचा ठराव केला आणि ल्यूंच्या सहीने हुकूम निघाला. त्या माफीत सुटलेल्यांमध्ये चीनचा शेवटचा सम्राट पू यी होता. ज्यांनी त्याच्यावरचा चित्रपट पाहिला असेल त्यांना तो उतारवयातला माळी आठवेल.

यापुढचा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटला. १९६६ च्या उन्हाळ्यात सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. जुलैमध्ये स्थायी समितीने ठराव केला की काँग्रेसचे पुढचे अधिवेशन लांबणीवर टाकावे. किती लांबणीवर, ते ठरावात नव्हते. ते अधिवेशन झालेच नाही. जानेवारी १९६५ मध्ये उठलेली काँग्रेस पुन्हा भरली ती थेट जानेवारी १९७५ मध्ये! सभा नसताना काम पाहण्यासाठी जिचा जन्म, ती स्थायी समितीसुद्धा या काळात बसली नाही. दोन अधिवेशनांमधला काळ दहा वर्षांचा झाला आणि त्या दहा वर्षांत घटना कुणी रद्द केली नव्हती, हे लक्षात घ्या. ती होती तशीच होती. नुसती कपाटात.

राष्ट्राध्यक्षाला दूर करण्याचा अधिकार घटनेने फक्त काँग्रेसला दिला होता. ल्यू शाओचींना काढले ते ऑक्टोबर १९६८ मध्ये, पक्षाच्या बैठकीने. लाल रक्षक घरात घुसले तेव्हा त्यांनी हातात घटनेची प्रत धरून "मी या देशाचा अध्यक्ष आहे" असे सांगितले, अशी हकीकत सांगतात. ती अक्षरशः तशीच घडली असो वा नसो, समितीचा पहिला अध्यक्ष नोव्हेंबर १९६९ मध्ये कायफंग शहरात, उपचारांवाचून, दुसऱ्याच नावाने नोंद होऊन मेला, हे खरे आहे. १९८० मध्ये पक्षाने त्यांना निर्दोष ठरवले. अकरा वर्षे उशिरा.

दुसरे नाव पेंग झेन यांचे. पहिल्या समितीचे ते सरचिटणीस आणि बीजिंगचे महापौर. १९६६ मध्ये पडलेल्या बड्या नेत्यांपैकी ते अगदी पहिले. तुरुंग आणि हद्दपारी भोगून १९७९ मध्ये परतले ते वयाच्या सत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे कायदे तयार करण्याची समिती सोपवली गेली आणि तीन-चार महिन्यांत त्यांनी सात कायद्यांचे मसुदे उभे केले. त्यांत फौजदारी कायदाही होता. नव्या चीनला तोवर लिखित फौजदारी कायदाच नव्हता! हे पेंग झेन कुणी उदारमतवादी संत नव्हेत. पक्षाचे पक्के मनुष्य. पण कायदा नसला की आपल्यासारख्यांचेही काय होते, हे त्यांनी अंगावर अनुभवले होते.

डिसेंबर १९८२ च्या घटनेवर त्यांचा हात आहे. विचार साधा होता : देश एवढा मोठा, प्रांत आणि जमाती इतक्या, की मोठी सभा लहान करता येत नाही; आणि मोठी सभा वारंवार भरवता येत नाही. तर मग तिची स्थायी समिती बळकट करा. त्या घटनेने समितीला कायदे करण्याचा अधिकार दिला. 'मूलभूत कायदे' तेवढे मोठ्या सभेकडे राहिले; त्यांतही मधल्या काळात समिती काही दुरुस्त्या करू शकते. घटनेचा आणि कायद्याचा अर्थ लावणे, तह मंजूर करणे, पंतप्रधानांच्या शिफारशीवरून मंत्री नेमणे, राजदूत नेमणे आणि परत बोलावणे, सगळे तिच्याकडे आले. आणखी एक अट घातली, जी मला फार आवडली : समितीच्या सदस्याला सरकारात, न्यायालयात किंवा सरकारी वकिलीच्या खात्यात पद घेता येत नाही. घ्यायचे तर आधी समिती सोडायची. आपल्याकडे मंत्री हा संसदेचा सदस्य असावाच लागतो. तिथे या समितीपुरते उलटे.

आता काम कसे चालते ते. साधारण दर दोन महिन्यांनी, सम महिन्याच्या अखेरीस, समिती चार-सहा दिवस बसते. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मसुदे मांडले जातात. मग सदस्य लहान लहान गटांत विभागले जातात आणि खरी चर्चा तिथे, टेबलाभोवती होते. शेवटच्या दिवशी पुन्हा सगळे एकत्र येतात आणि बटण दाबून मत देतात. सर्वसाधारणपणे एका विधेयकाची अशी तीन बैठकांत वाचने होतात, म्हणजे सहा महिने तरी जातात. मधल्या दोन महिन्यांत कायद्यांचे काम पाहणारा समितीचा आयोग मसुद्याची शब्द-शब्द घासाघीस करतो. कित्येकदा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करतात. २००६ मध्ये कामगार कराराच्या कायद्याचा मसुदा असा प्रसिद्ध केला, तर एका महिन्यात १,९१,८४९ सूचना आल्या. कंपन्यांनीही लिहिले, कामगारांनीही लिहिले. कायदा जून २००७ मध्ये मंजूर झाला. आता यातल्या किती सूचना कुणी खरोखर वाचल्या, हा प्रश्न माझ्यातल्या पेपर तपासणाऱ्या बाईला पडतोच. पण रबरी शिक्क्याला कुणी दोन लाख पत्रे लिहीत नाही.

मात्र एक दार नीट पाहायला हवे. काय मांडायचे, कधी मांडायचे, मताला टाकायचे की अजून ठेवायचे, हे ठरवते ते अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सरचिटणीस यांचे छोटे मंडळ. आणि अध्यक्ष हा पक्षाच्या अगदी वरच्या फळीतला नेता असतो. सध्याचे झाओ लेजी उतरंडीत तिसरे आहेत. तीन हजारांची किल्ली पावणेदोनशेंकडे, पावणेदोनशेंची पंधरा-सोळांकडे, आणि त्यांची भलतीकडेच, सभागृहाबाहेर.

ही किल्ली कशी फिरते ते १९८९ मध्ये दिसले. २० मे रोजी सरकारने बीजिंगच्या 'काही भागांत' लष्करी कायदा पुकारला. हे 'काही भागांत' नुसते वर्णन नव्हे, बरं का. घटनेप्रमाणे संपूर्ण शहराला लष्करी कायदा लावायचा तर तो अधिकार स्थायी समितीचा. शहराच्या भागांपुरता असेल तर सरकारचा. समितीचे एक सदस्य हू जिवेई, 'पीपल्स डेली'चे माजी संपादक, यांनी समितीची तातडीची बैठक बोलवावी म्हणून सदस्यांच्या सह्या गोळा करायला घेतल्या. अध्यक्ष वान ली तेव्हा उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. ते परतले, पण विमान बीजिंगला न जाता २५ तारखेला शांघायला उतरले; आणि दोन दिवसांनी त्यांचे सरकारला पाठिंबा देणारे निवेदन आले. समिती बसली ती जूनच्या अखेरीस. तोवर चौकातले रक्त धुऊन झाले होते. पुढच्या वर्षी हू जिवेईंची समितीतली जागा गेली. घटना त्याही वेळी रद्द झालेली नव्हती.

आता त्या शीर्षकाकडे येते. २९ एप्रिल १९९९. सरकारने महामार्ग कायद्याची दुरुस्ती आणली होती : रस्त्यांसाठी वाहनांकडून घेतली जाणारी फी बंद करून तिच्याऐवजी इंधनावर कर घ्यायचा. शहाणपणाची कल्पना. पण सदस्यांची तक्रार अशी की ट्रॅक्टर आणि पाण्याचा पंप महामार्गावर धावत नाही. मग डिझेलवरचा कर शेतकऱ्याने का भरायचा? मतदान झाले. बाजूने ७७, विरोधात ६, तटस्थ ४२. आपल्या हिशेबाने प्रचंड बहुमत! पण तिथला नियम हजर असलेल्यांच्या बहुमताचा नाही, समितीच्या एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताचा आहे. सदस्य १५४. म्हणजे लागत होती ७८. सरकारचे विधेयक एका मताने पडले. उघड 'नाही' म्हणणारे फक्त सहा. ते पाडले बेचाळीस जणांनी, काहीही न म्हणता.

ऑक्टोबरच्या अखेरीस तीच दुरुस्ती पुन्हा येऊन मंजूर झाली, हेही सांगायला हवे. पण इंधनाचा तो बदल प्रत्यक्षात उतरला १ जानेवारी २००९ रोजी. दहा वर्षे गेली.

ही आकडेवारी वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला.

त्याच सुमारास मी आमच्या शिक्षकांच्या पतपेढीच्या संचालक मंडळावर होते, महिलांच्या राखीव जागेवर. तिथेही हेच : सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा, अहवाल, टाळ्या, चिवडा-लाडू; बाकी वर्षभर आम्ही नऊ जण. एकदा हिशेबात तूट निघाली आणि वसुली पाहणाऱ्या लिपिकाला तडकाफडकी काढण्याचा ठराव आला. लेखापरीक्षण व्हायचे होते. त्याचे म्हणणे कुणी नीट ऐकलेही नव्हते. त्याने चोरी केली नसेल असे मला मनातून वाटत होते. पण अध्यक्ष माझे वरिष्ठ होते आणि त्या वर्षी पर्यवेक्षिका म्हणून माझे नाव पुढे होते. बाजूने चार, विरोधात चार. मी म्हटले, "मी तटस्थ." अध्यक्षांनी आपले जादा मत टाकले आणि ठराव मंजूर झाला. पुढे लेखापरीक्षणात कळले की एक रक्कम दोनदा लिहिली गेली होती. तोवर त्याने बसस्थानकाजवळ वह्या-पेन्सिलींचा ठेला टाकला होता. मी पर्यवेक्षिका झाले. त्या ठेल्यावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात असे.

बीजिंगच्या नियमाने नऊ जणांत पाच मते लागली असती आणि माझ्या गप्प बसण्याने तो वाचला असता. आमच्या नियमाने गप्प बसण्याला अर्थच नव्हता. तेव्हा हे माझ्या ध्यानात आले नाही असे मी म्हणू शकत नाही. नागरिकशास्त्र मीच शिकवत होते.

म्हणून त्या बेचाळीस जणांना मी भित्रे म्हणणार नाही. अर्थात त्यांना फार मोठेही करायला नको. त्याच समितीने दोनच महिन्यांनी, २६ जून १९९९ रोजी, हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने वास्तव्याच्या हक्काबद्दल दिलेला निकाल कायद्याचा 'अर्थ लावून' फिरवला. आणि ३० जून २०२० ला हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा केला, तो १६२ विरुद्ध शून्य अशा मतांनी. कामगार कायद्याचा मसुदा महिनाभर लोकांसमोर होता. या कायद्याचा मसुदा ज्यांना तो लागू होणार त्या हाँगकाँगच्या लोकांना पाहायलाच मिळाला नाही. मंजूर झाल्यावर रात्री अकराच्या सुमारास मजकूर प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासूनच लागू. २०२३ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री छिन गांग महिनाभर कुठे दिसेनात, तेव्हा समितीची खास बैठक बोलावून त्यांना एका ओळीच्या निर्णयाने दूर केले. कारण दिले नाही. तातडीची बैठक बोलावता येते हे तेव्हा दिसले. १९८९ मध्ये तीच मागितली होती.

आणि निवृत्तीचे वय? १० सप्टेंबर २०२४ ला समिती बसली, १३ तारखेला निर्णय झाला. पुरुषांचे ६० वरून ६३, स्त्रियांचे ५५ वरून ५८ आणि कामगार स्त्रियांचे ५० वरून ५५. जानेवारी २०२५ पासून पंधरा वर्षांत हळूहळू. तीन वाचने नाहीत, सहा महिने नाहीत. मी स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा आकडा मला काही भयंकर वाटला नाही. पण पन्नाशीला आलेल्या कापडगिरणीतल्या बाईला तीन-चार दिवसांची मुदत थोडी वाटली असेल.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितले. पतपेढीचेही सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, ते बेचाळीस जण कोण होते?"

नावे प्रसिद्ध होत नाहीत. बटण दाबले की फक्त बेरीज दिसते. आमच्या पतपेढीच्या इतिवृत्तातही नुसते 'तटस्थ : १' असेच लिहिले आहे. पण नऊ जणांच्या खोलीत तो एक कोण, हे सगळ्यांना माहीत होते. आणि त्या लिपिकालाही कुणीतरी सांगितलेच असणार.